चौथा भोंगा

प्रत्येक स्वातंत्र्याला मर्यादा असते, आणि जी मर्यादा टेपने मोजता येत नाही ती मर्यादाच नव्हे. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन छत्तीस वर्षे कालव्यांची मापे घेतलेल्या मधुकररावांचे हे मत, ते धार्मिक सलोखा समितीचे अध्यक्ष होताच सिरसटोल्याचे अधिकृत धोरण झाले. (गाव अड्याळपासून अकरा किलोमीटर, सलोखा त्याच्याही थोडा पुढे.)

सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या घटनेने घातलेल्या तीन अटी समितीने आदरपूर्वक वाचल्या, त्यांची मापे उपलब्ध नसल्याची नोंद घेतली आणि त्यांच्या जागी चौकातला विजेचा खांब धरला. खांब चार भोंगे पेलतो. एक मंदिराला, एक विहाराला, एक दर्ग्याला. चौथा राखीव, कारण पुढेमागे एखादा धर्म निघाला तर त्याच्यावर अन्याय नको. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळापत्रकात चोवीस मिनिटांची विश्रांतीही ठेवली (ॲम्प्लिफायरला). पाहणीत सत्त्याण्णव टक्के ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले. उरलेल्या तीन टक्क्यांना प्रश्न ऐकू गेला नाही.

याच खांबाखाली ग्रामपंचायतीची अभ्यासिका आहे. तेथे बसणाऱ्या हर्षाने अर्ज केला: रविवारी परिचारिका भरतीची परीक्षा, वयोमर्यादेमुळे ही शेवटची संधी, घरात एकच खोली, तरी पाच दिवस सायंकाळी सात ते नऊ शांतता मिळावी. अर्ज विहित नमुन्यात होता. फक्त आडनाव गाळलेले होते आणि 'धर्म' या रकान्यात लिहिले होते, 'लागू नाही'.

मधुकररावांनी तिला अंगणात बोलावले.

"काहून वो पोरी, रकाना असा कायले भरला?"

"काकाजी, मले दोन तास शांतता पायजे. तिले धर्म कायले लागते जी?"

"स्वातंत्र्य धर्माले आहे. धर्म लागू नाही, तर स्वातंत्र्य बी लागू नाही. आडनाव टाक, तुझ्या लोकायच्या वेळेतून आताच दोन तास काढून देतो."

"माझे लोक म्हंजे कोन जी? तुमी नाही का?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने मधुकररावांनी तो वगळून अर्ज बैठकीपुढे ठेवला. ती कोणाची मुलगी हे त्यांना तिच्या बारशापासून ठाऊक होते. पण फायलीला ठाऊक नव्हते, आणि निधर्मी राज्यात अध्यक्षाने फायलीपेक्षा अधिक जाणू नये.

गावात हर्षा दोन, तलावाच्या दोन बाजूंना एकेक. बैठकीत मंदिराच्या रुखमिणीबाई म्हणाल्या, "तिकडची असन. आमचं भजन खुपते तिले." विहाराचे सुगत म्हणाले, "नाही जी, तिकडचीच आहे. आमची वंदना बंद कराची आहे तिले." दोघांनी 'तिकडे' म्हणून एकमेकांकडे बोट दाखविले. (दर्ग्याच्या प्रतिनिधींनी दोन्ही बोटांना अनुमोदन दिले.) अर्ज तिकडचा आहे यावर समितीच्या इतिहासात प्रथमच एकमत झाले.

तथापि समिती निर्दय नव्हती. शांततेला तात्पुरता धर्म मानून राखीव भोंगा तिच्या नावे करण्यात आला. सोमवारी ठीक सात वाजता तो घुमला: "कृपया शांतता राखा!" दर अर्ध्या मिनिटाला एकदा, म्हणजे दोन तासांत दोनशे चाळीस वेळा. इतर भोंग्यांनी वेळापत्रकाप्रमाणे साथ दिली. मधुकररावांनी समाधानाने कानातले श्रवणयंत्र काढून चार्जिंगला लावले. चार्जिंगला ते रोज सात ते नऊच लावतात. (इतिवृत्तात नोंद नाही.)

हर्षा पुस्तके उचलून तलावाच्या पाळीवर गेली. एका हाताने मोबाइलचा उजेड धरून आणि दुसऱ्या हाताने डास मारून तिने पाच संध्याकाळी अभ्यास केला. पाने उलटायला हात उरला नाही. निकालात दोन गुण कमी पडले.

समितीने दिलगिरीचा ठराव तयार ठेवला आहे. तो कोणत्या भोंग्यावरून वाचावा हे मात्र ती कोणत्या बाजूची ते कळल्याखेरीज ठरत नाही, म्हणून फाइल अद्याप उघडी आहे. ही हर्षा नेमकी कोणाची, याचा अंदाज आपणही वाचता वाचता दोन-तीनदा बांधला असेलच. तो कृपया कळवावा. समितीत एका सदस्याची जागा रिकामी आहे आणि आपण सर्वार्थाने पात्र आहात.