उकिरड्याचा उसासा

आप्पांच्या परसात गेलं की ते आधी चहाचं विचारत नसत, आलेल्याचा श्वास तपासत. "सर, दम लागलाय तुमास्नी. चालत आलाय न्हवं? चार पावलं मागं व्हा."

मी चार पावलं मागं होई. समोर उकिरडा, उकिरड्यावर पालथं घातलेलं पांढरं खोकं, खोक्याला रबरी बूच, आणि त्या बुचात इंजेक्शनची सुई खुपसून आप्पा हवा ओढत बसलेले. माणसं आपलं नाक उकिरड्यापासून जपतात. आप्पा उकिरड्याला लोकांच्या नाकापासून जपत.

बेळगावच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवलं, तिथंच आप्पा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर होते. फुटलेल्या काचसामानाची वही त्यांच्याकडं असे. दुसरा कुणीही 'हाताळताना फुटली' एवढं लिहून मोकळा झाला असता. आप्पा खरं कारण लिहीत. 'परीक्षानळी फुटली. कारण: मुलगा मुलीकडे बघत होता.' 'चंचुपात्र फुटले. कारण: प्राचार्य.' प्राचार्यांनी ही ओळ खोडायला लावली. आप्पांनी मुकाट्यानं खोडली आणि खाली लिहिलं, 'वरची ओळ खोडली. कारण: प्राचार्य.'

निवृत्तीनंतर ते जवळच्याच कंग्राळी गावात आपल्या घरी रमले. एक म्हैस, भाताचं थोडं रान, घरामागं बापाच्या वेळचा उकिरडा. भात पोटरीला आला की अख्ख्या परसात त्याचा वास यायचा आणि उकिरड्यालाही जरा खानदानी वाटायचं. अशात एक संशोधक मॅडम गावात आल्या. शेतीतून हवेत जाणारे, मिथेन-कार्बन डायऑक्साइडसारखे पृथ्वी तापवणारे वायू त्या मोजत होत्या. गाईम्हशींच्या ढेकरांवर जगभर बरंच लिहून झालं होतं. मॅडमना हवे होते ते दुर्लक्षित मामले: उकिरडे, गोठ्यामागची गटारं, बांधाकडेचं साचलेलं पाणी. सुई-बाटली नीट हाताळणारा आणि घरचा उकिरडा असलेला माणूस त्यांना आप्पांच्या रूपानं एकाच जागी सापडला.

आप्पांना तर आयुष्याचं काम मिळालं. जो भेटेल त्याला सांगत, "ढेकर समद्यांस्नी ऐकू येतोय. उकिरड्याचा उसासा कोण ऐकणार?"

खोकं बसवायचा समारंभ झाला. नारळ, हार, मंडप, आणि वसुंधरेवर बोलायला एक प्रमुख पाहुणे. पाहुणे नाकाला रुमाल लावून भूमातेच्या सुगंधाबद्दल बोलत होते. पंधरा मिनिटं झाली तरी भूमाता संपेना. शेवटी आप्पा उठले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, चार पावलं मागं व्हता का? तुमच्या भाषणानं आकडा वाढाय लागलाय." त्या प्रकल्पाचा सर्वांत उपयुक्त निष्कर्ष मला पहिल्याच दिवशी मिळाला.

काम दोन वर्षांचं, पण तसं सोपं होतं. खोकं उकिरड्यात घट्ट बसवायचं, मग दर दहा मिनिटांनी सुईनं हवा ओढून बाटलीत भरायची. ठरलेल्या तारखेला अशा चार बाटल्यांची एक खेप. वेळ सांगायचं काम आक्कांकडं, म्हणजे आप्पांच्या बायकोकडं होतं. त्या चुलीपुढून ओरडत, "झाली ओ धा मिनिटं!" घड्याळ नव्हतंच. तीन भाकरी झाल्या की दहा मिनिटं. आप्पांनी चोरून घड्याळ लावून पाहिलं होतं. चूक सापडली नाही, याचं त्यांना शास्त्रज्ञ म्हणून समाधान होतं आणि नवरा म्हणून वाईट वाटत होतं.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आक्का पुण्याला गेल्या. मुलाच्या घरी नातू झाला होता. तीन महिन्यांसाठी गेलेल्या आक्का वर्ष होत आलं तरी परतल्या नाहीत. भाकरीच्या जागी माझी नेमणूक झाली. मी घड्याळ धरून चार पावलांवर उभा राही. वहीत नोंदी पूर्वीसारख्याच कडक. 'नमुना बाद. कारण: म्हैस.' 'नमुना बाद. कारण: सर शिंकले.' पहिलं वर्ष संपेपर्यंत असं चालायचं. दुसऱ्या वर्षासाठी मॅडमनी बजावून सांगितलं होतं, की एकही खेप चुकली किंवा बाद झाली तर त्या जागेचं नाव अहवालात येणार नाही. आप्पांनी एकही चुकवली नव्हती. "लोकं आपली नावं दगडावर कोरत्यात," ते म्हणत. "माझ्या उकिरड्याचं कागदावर आलं तरी लई झालं."

दसऱ्याला म्हैस विकली गेली. दिवाळी झाली की उकिरडा बुजवून तिथं कॉलेजच्या पोरांसाठी भाड्याच्या दोन खोल्या बांधायच्या आणि आप्पांना पुण्याला न्यायचं, असं मुलानं ठरवलं होतं. आप्पांची अट एकच होती. शेवटची खेप होईपर्यंत उकिरड्याला फावडं लावायचं नाही. ती खेप दिवाळीतल्या पाडव्याच्या संध्याकाळी होती.

पाडव्याला आमच्याकडं उकिरड्यावर पणती लावतात. आक्कांनी ही रीत सासूकडून उचललेली, एक वर्ष चुकवली नाही. आप्पा दरवर्षी चिडवत, "अगं, मिथेन हाय त्यात. पेटंल!" आणि आक्का म्हणत, "पेटू द्या की. उजेड तरी पडंल."

त्या संध्याकाळी दुसरी बाटली भरून झाली आणि आप्पांचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता, पडद्यावर आक्का.

"अहो, लावला का दिवा?"

"अगं, शेवटचा नमुना चाललाय. धूर चालत न्हाय. अर्ध्या तासानं लावतो."

"फोन सूनबाईचा हाय. समदी भाईर निघाल्यात, मग फोन न्हाय मिळायचा." आक्का म्हणाल्या. "बरं, ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली..." पुढच्या साली उकिरडा नसणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी मधे पडलो. "आप्पा, चार पावलांवर लावा की पणती."

"मग तो गटाराचा दिवा हुईल, सर. उकिरड्याचा कसा हुईल?"

त्यांनी हातातल्या सुईकडं पाहिलं. मग ती खाली ठेवली, फोन माझ्या हातात दिला आणि आत गेले. लगेच पणती घेऊन आले. तेल भरलेलं होतं, वात पुरती भिजलेली होती. म्हणजे ती दुपारीच तयार करून ठेवलेली होती.

खोक्याला खेटून त्यांनी पणती लावली, वाऱ्याला हात आडवा धरला. मी फोन उकिरड्याकडं केला.

"बाजूला व्हा ओ," आक्का म्हणाल्या. "तुमीच दिसताय. मला उकिरडा दिसंना."

आप्पा चार पावलं मागं झाले.

आक्का बराच वेळ बघत राहिल्या. पलीकडं कुणीतरी "आई, चला" म्हणत होतं.

"पेटला न्हाय की तुमचा मिथेन."

"न्हाय."

"मग? इतकी वर्सं उगंच भ्या दावत हुता व्हय?" त्या हसल्या, डोळ्यांना पदर लावला आणि फोन बंद झाला.

मी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या बाटलीला मिनिटभर उरलं होतं. "आप्पा, खोकं बंद आहे. एवढ्याशा पणतीनं काय होतंय? ओढा हवा. मॅडमना कळणारसुद्धा नाही."

"वहीला कळंल की," आप्पा म्हणाले.

तिथं आता दोन खोल्या आहेत. आप्पा पुण्यात आहेत, नातवाला शाळेत सोडतात. मॅडमचा अहवाल आला, त्यात कंग्राळीचं नाव नाही. जाताना आप्पा वही माझ्याकडं देऊन गेले. शेवटच्या पानावर त्यांच्या ठळक अक्षरात एकच नोंद आहे.

'नमुना बाद. कारण: उजेड.'