पेठेचा व्हेटो

सोलापुरातल्या एका पेठेची सुधारणा कमिटी सन १९२८ साली इतकी पुढे गेली, की तिला सुधारणा थांबवण्याची सोय करावीशी वाटू लागली. अध्यक्ष सिद्रामप्पा हे भुसार मालाचे व्यापारी. मुंबईच्या कौन्सिलाने एकमताने काहीही ठरवो, गव्हर्नरसाहेबांनी ‘व्हेटो’ म्हटले की ते रद्द, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. कारणसुद्धा सांगावे लागत नाही, हे वाचून तर अप्पांना भरून आले.

पुढच्याच सभेत कमिटीने अध्यक्षांना व्हेटो बहाल केला. “वापरायचा न्हाई, नुसता असू द्या,” असे अप्पाच म्हणाले होते. पण नवी छत्री हातात आली की माणूस आभाळाकडे बघू लागतोच.

विहिरीचा रहाट मोडून महिना झाला होता. बायका नुसत्या काठावरून दोर ओढत होत्या, आणि त्यांतल्या चंद्रव्वाचे तर दोन्ही तळहात सोलून निघाले होते. कमिटीने नव्या रहाटाचा ठराव एकमताने मंजूर केला. एकमत मोडायची अशी संधी वरचेवर येत नाही. अप्पांनी पानाचा तोबरा सावरला.

निकाल ऐकायला चंद्रव्वा दारातच उभी होती. “अप्पा, रहाट व्हतो का न्हाई?”

“व्हेटो!” अप्पा तोबऱ्यातून गरजले.

“व्हतो म्हनले गं!” असे ओरडत ती विहिरीकडे पळाली, आणि दिवस मावळायच्या आत चनबसप्पा सुताराने रहाट बसवलासुद्धा.

“अरे, मी नको म्हटलं हुतं की!” अप्पा सेक्रेटरी सोमलिंगवर उखडले.

सोमलिंगने शांतपणे इतिवृत्तात लिहिले : ‘अध्यक्षांनी व्हेटो वापरल्यामुळे रहाटाचे काम तातडीने पूर्ण झाले.’

अप्पा स्वतः विहिरीवर गेले आणि हात वर करून ओरडले, “व्हेटो! व्हेटो!” बायकांना गहिवरून आले. एकीने विचारले, “आन् बोळात कंदील बी व्हतो का?” अप्पांनी संतापाच्या भरात पुन्हा तोच शब्द उच्चारला. आठ दिवसांत कंदील लागला. मग उकिरडा हलला, गटार वाहते झाले. महिन्याभरात पेठेत इतक्या गोष्टी नाकारल्या गेल्या, की पेठ ओळखू येईना.

बायकांनी अप्पांना ओवाळले आणि हार पुढे केला. खरे सांगितले असते, तर हार परत करावा लागला असता. अप्पांनी मान वाकवली.

वरच्या कचेरीला मात्र शंका आली, की परवानगीशिवाय इतके काम झालेच कसे? साहेबाचे पत्र आले. इंग्रजीत, एका ओळीचे, आणि त्यात तोच शब्द होता. कारण दिलेले नव्हते.

देवळाच्या ओट्यावर पेठेतले सगळे शिकलेले लोक जमले. वकील आले, मास्तर आले, गिरणीतले कारकून आले. पत्र हातोहात फिरले.

“काय लिवलंय सायबानं?” चंद्रव्वाने विचारले.

“व्हेटो,” सोमलिंग म्हणाला.

“मंग व्हतो की!” असे म्हणून ती घागर घेऊन निघाली.

कोणी हसले नाही. यातल्या एकाला तरी जरा कमी ऐकू आले असते तर बरे झाले असते, असे अप्पांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटले. पण सगळ्यांचे कान शाबूत होते. ‘आज्ञा शिरसावंद्य’ असे लिहून सर्वांनी खाली सह्या केल्या आणि रहाट उतरवायला सुताराला बोलावणे धाडले. दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा पुन्हा नुसत्या काठावरून दोर ओढत होती.

तिला आपण अडाणी म्हणतो. आपले तसे नाही. साहेबाचे ‘नाही’ आपल्याला पहिल्याच खेपेस नीट ऐकू येते. त्या कागदावर आपलीही सही आहे.