वाघाचा वाढदिवस आणि हौसाक्काची घळ

एका जंगलात, मुलांनो, वाघाचा वाढदिवस फार थाटात व्हायचा. खुद्द वाघाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. जन्मतारीख वानरांच्या वाढदिवस समितीनंच ठरवली होती.

झाडाझाडावर फलक लागत. वर वाघाचं तोंड, खाली समितीतल्या वानरांची तोंडं. वानरांची जरा मोठीच.

त्याच जंगलात ओढ्याकाठच्या घळीत हौसाक्का नावाची तरसीण राहत होती. पाठ उतरती, मान जाड, केस पिंजारलेले. देखणी म्हणावी असं काही नव्हतं. पण जबडा असा, की गव्याच्या मांडीचं हाड भुईमुगाच्या शेंगेसारखं फोडी. वाघ मऊ मऊ खाऊन निघून जाई. मागे उरलेलं कातडं, हाडकं, सडकं मांस ही बाई फस्त करी. म्हणून पाणवठा स्वच्छ राही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घाण असली की सगळे बोलतात. नसली तर कोण बोलणार?

एका वर्षी समितीनं वाघासाठी दगडी स्वागतकमान बांधायचं आणि तिच्यावर दगडी वाघ बसवायचं ठरवलं. जागा पसंत पडली ती नेमकी हौसाक्काची घळ.

हौसाक्का धावत अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष होते शेंडेकर वानर.

"सायेब, घळीत माझी दोन पिल्लं हाईत. आजून डोळं बी उघडल्यालं न्हाईत. जरा दम धरा की."

"बाई, हे वाघाच्या संवर्धनाचं काम आहे. आड येऊ नका."

"म्या बी मांस खाणारीच की वो. माझं संवर्धन?"

शेंडेकर हसले. "तुमचा फोटो बरा येत नाही हो. गिधाडांचाही येत नव्हता. ती गेली बिचारी. काही अडलं का?"

बाकीच्या वानरांनी नाकाला शेपट्या लावल्या.

हौसाक्कानं एकेक पिल्लू तोंडात धरलं. हाडं फोडणाऱ्या त्या जबड्यात पिल्लाच्या केसालाही धक्का लागला नाही. ती डोंगरापलीकडे निघून गेली. मला तर फार वाईट वाटलं. समितीला वाटलं नाही. ती कमानीला रंग देत होती.

वाढदिवस झाला. वाघानं पाणवठ्यावर गवा मारला, पोटभर खाल्ला आणि निघून गेला. उरलेला गवा तिथेच राहिला.

आधी वास सुटला. शेंडेकरांनी सुवासिक फुलं वाटली. मग माशा आल्या. मग पाणी नासलं आणि ते प्यायलेली चितळं पटापट आडवी झाली. समितीनं लगेच दुखवट्याचा फलक लावला. त्यावरही वानरांची तोंडं होतीच.

शेवटी शेंडेकर स्वतः डोंगर चढून गेले.

"हौसाक्का, परत चला. तुमच्याशिवाय जंगलाला शोभा नाही."

"यीन की. माझी घळ?"

"तिथे आता कमान आहे."

"मग पिल्लं कुटं ठिवू?"

शेंडेकरांनी डोकं खाजवलं. "पिल्लं आणूच नका. एकट्या या. पाहुणे गेले की घाण तेवढी उचला आणि उजाडायच्या आत परत जा. कमानीखालून मात्र नको हं, मागच्या वाटेनं."

हौसाक्का पिल्लाला चाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"जेवनावळ तुमी घातली," ती म्हणाली, "उष्टीबी तुमीच काढा."

उष्टी कुणीच काढली नाहीत. उरलीसुरली चितळं जंगल सोडून गेली. मग वाघाला शिकार मिळेना. एके दिवशी तोही डोंगर ओलांडून पलीकडे गेला. तिथलं पाणी चांगलं होतं.

पुढच्या वर्षीचा वाढदिवस मात्र आणखी दणक्यात झाला. पाहुणे आले, कमानीवरच्या दगडी वाघाखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले आणि खूश होऊन घरी गेले. शेंडेकरांनी भाषण केलं. म्हणाले, "मित्रहो, आपला वाघ आता कुठेही जात नाही!"

टाळ्या फार पडल्या.

तात्पर्य: वाघ जगवायला आधी जंगल जगवावं लागतं, असं काही खुळे सांगत फिरतात. मुलांनो, त्यांचं ऐकू नका. दगड पक्का आणि रंग चांगला असला, की वाघ पुष्कळ टिकतो. शिवाय चावत नाही.