सासूबाईंना बसलेला झटका

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा केला तरी पाणी सांडत नाही, हे आपल्या मुलीला दाखवावं, असं एका शनिवारी माझ्या मनात आलं. एवढंच. दारू, पत्ते किंवा परस्त्री यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यातून पुढे असं काही घडत गेलं, की मी सासूला जिवानिशी मारणार अशी बातमी आमच्या गल्लीत पसरली, आणि ती पसरवण्यात माझी बायको आघाडीवर होती.

मी कासुले. कंपालाहून मसाक्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात पाणीखात्यात कारकून आहे. नळाला पाणी का येत नाही, हे लोकांना समजावून सांगणं हे माझं काम. (पाणी आणणं हे दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे. तो माणूस मला अजून भेटलेला नाही.) नाकिंतू ही माझी एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. तिला प्रश्न पडतात. केळीच्या पानात बांधलेला कच्च्या केळ्यांचा मतोके वाफेनं शिजतो, तर ती वाफ पान फाडून बाहेर का येत नाही? बाबा घोरतात ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं, मग बाबांनाच का येत नाही? शाळेत विचारलं की बाई म्हणतात, हे परीक्षेला नाही. घरी मला विचारलं की मी म्हणतो, आईला विचार. आई म्हणजे माझी बायको एडिसा. ती म्हणते, बाबांना विचार. बिचारी पोर नुसती या दारातून त्या दारात फिरायची. त्या शनिवारी मला माझीच लाज वाटली आणि मी पेला उचलला.

पाणी अर्थातच सांडलं. तेही एडिसानं रविवारच्या प्रार्थनेसाठी इस्त्री करून ठेवलेल्या तिच्या पायघोळ रेशमी गोमेसीवर. एडिसा काय बोलली ते इथे लिहीत नाही. पण नाकिंतूनं विचारलं, "का सांडलं?" ते शोधायला आम्ही पुन्हा केलं, या खेपेला अंगणात. मग पुन्हा. आणि कधीतरी ते पाणी खरोखरच राहिलं. नाकिंतू पेल्याखाली डोकं घालून वर बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, याला खालून कोण धरतंय?" त्या क्षणी मला जे वाटलं ते पगारवाढीच्या दिवशीसुद्धा कधी वाटलेलं नाही.

पुढच्या शनिवारी गल्लीतली चार पोरं आली, त्याच्या पुढच्या शनिवारी अख्खी गल्ली. उकडलेलं अंडं बाटलीत शिरवणं झालं, लिंबावर दिवा लावणं झालं (लागला नाही, पण लिंबं गेली), आरशानं उन्हाचा कवडसा शेजारच्या युनियाबाईंच्या कोंबड्यावर पाडणं झालं. नियम एकच होता. सगळं स्वतःच्या हातानं करायचं, कोणी काही उतरवून घ्यायचं नाही. मुलं मला "सर" म्हणू लागली. ऑफिसात मला सगळे "ए कासुले" म्हणतात, त्यामुळे शनिवारची मी सोमवारपासून वाट बघायचो.

आणि अशात सासूबाई आल्या.

त्या नाकिंतूला न्यायला आल्या होत्या. त्यांच्या गावाजवळ मुलींची एक शाळा आहे, राहण्याखाण्यासकट. शिस्त कडक आणि निकाल उत्तम. सासूबाईंनी तिथे जागा मिळवली होती, रविवारी निघायचं होतं. एडिसा रडायची आणि मग म्हणायची, "आईचं बरोबरच आहे. इथं काय शिकतेय ती? अंडी फोडायला?" मला पोरगी जायला नको होती. तिच्याशिवाय घरात मला प्रश्न कोण विचारणार होतं? (एडिसा विचारते, पण त्यांची उत्तरं तिला आधीच ठाऊक असतात.) पण हे सासूबाईंना सांगायचं कसं? आमच्याकडे जावयानं सासूसमोर यायचं नसतं, तिच्याशी थेट बोलायचं नसतं, एका छपराखाली झोपायचं नसतं. सासूबाई रात्री युनियाबाईंकडे झोपायच्या आणि दिवसभर आमच्याकडे असायच्या, आणि मी स्वतःच्या घरात चोरासारखा मागच्या दारानं वावरायचो. स्पर्शाचं तर नावच नको. सासूजावयाचा एकमेकांना हात लागला तर हातांना कंप सुटतो. ओबुको म्हणतात त्याला, आणि तो आयुष्यभर जात नाही. माझ्या चुलत्याचे हात थरथरायचे. डॉक्टर म्हणाले दारूनं, पण काकूचं मत शेवटपर्यंत वेगळं होतं.

तेव्हा माझ्या हातात एकच गोष्ट होती, शनिवारचा तास. सासूबाई ओसरीवर बसायच्या आणि मधे दोरीवर एक चादर टांगलेली असायची. चादरीला कान असतात हे मला ठाऊक होतं. मी ठरवलं की या शनिवारी असा धडा घ्यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोर इथंच राहिली पाहिजे.

शेंगा सोलायचा आवाज चादरीमागून येत होता. तास सुरू झाला आणि थोड्या वेळानं तो आवाज थांबला. मग नाकिंतू चादरीआड जाऊन आली आणि आमच्या रीतीप्रमाणे माझ्यासमोर गुडघे टेकून म्हणाली, (आजीला ती जाजा म्हणते,) "जाजा विचारते, वीज तारेतून जाते म्हणतात, तर तार आतून पोकळ असते का?"

मी उत्तर दिलं. (चुकीचं असावं, पण ठणठणीत आवाजात दिलं.) आतून "हं" असं ऐकू आलं. त्या हुंकारानं मला इतका जोर चढला की मी लगेच मुख्य प्रयोगाला हात घातला.

प्रयोग साधा होता. बिघडलेल्या ट्यूबलाइटचा चोक आणि टॉर्चचे सेल. मुलांनी हात धरून कडं करायचं, कड्याच्या दोन टोकांनी चोकच्या दोन तारा धरायच्या, आणि वामाला नावाच्या पोरानं सेलची तार चोकला टेकवून झटकन उचलायची. तार उचलली की कड्यातल्या प्रत्येकाला बारीकसा झटका बसतो. यात धोका नाही हे पटावं म्हणून एका टोकाला मी स्वतः उभा राहिलो आणि मुलांना म्हणालो, "कड्यात आपण कोणी वेगळे नाही. माझ्यातून निघेल ते सगळ्यांतून जाईल. आपण सगळे एकच तार." हे वाक्य मी आदल्या दिवशी ऑफिसात बसून जुळवलं होतं.

पहिल्यांदा काही झालं नाही. ओसरीजवळचा एक लहानगा घाबरून हात सोडून पळाला होता आणि कडं तिथे तुटलं होतं. मला ते दिसलं नाही, मी चोककडे बघत होतो. सासूबाईंना चादरीच्या फटीतून दिसलं. अर्धवट राहिलेलं काम त्यांना बघवत नाही. त्यांनी चादरीखालून दोन्ही हात बाहेर काढले, आणि दोन्हीकडच्या पोरांनी ते धरले. पोरांना काय, हात मिळाल्याशी कारण.

"वामाला, आता उचल," मी म्हणालो.

सगळी पोरं एकदम उडाली आणि आनंदानं किंचाळली. चादरीमागे शेंगांचं ताट आपटलं, दोरी तुटली, चादर खाली आली. आणि समोर सासूबाई बसलेल्या होत्या, दोन्ही हातांत दोन पोरं धरून, थेट माझ्याकडे बघत. लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्ही एकमेकांना नीट बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी जवळच पडलेलं पातेल्याचं झाकण तोंडासमोर धरलं.

झाकणाच्या कडेवरून मला एवढंच दिसलं, की सासूबाईंनी आपला उजवा हात वर केला आहे आणि तो थरथरतो आहे.

पुढचा तासभर फार वाईट गेला. एडिसा कुंपणापाशी जाऊन रडत सगळ्या गल्लीला सांगत होती, "हे माझ्या आईला जिवानिशी मारणार!" युनियाबाई कुंपणावरून आल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. वीज याच्या हातातून निघाली आणि तिच्या हातात गेली, आता याला शिवणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी म्हणालो, तसं नाही, वीज एकीकडून निघून एकीकडे जात नाही, ती सगळ्या कड्यात एकदमच असते. "म्हणजे तिच्याकडून तुझ्याकडेही आली," युनियाबाई म्हणाल्या. मी म्हणालो, मधे इतकी पोरं होती. तर वामाला मदतीला धावला आणि म्हणाला, "पण सर, तुम्हीच म्हणालात ना, आपण सगळे एकच तार." हुशार मुलगा आहे. त्या दिवशी तो मला अजिबात आवडला नाही.

मी माझा उजवा हात खिशात घातला. तोही थरथरत होता. (विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण चुलता डोळ्यांसमोरून हलेना.)

 सासूबाई उठून युनियाबाईंकडे गेल्या. संध्याकाळी एडिसानं नाकिंतूची पत्र्याची पेटी भरली. नाकिंतू माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, त्या शाळेत शनिवारी काय असतं?"  आईला विचार, असं या वेळी म्हणवेना. मी तिला जवळ घेतलं.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या त्या प्रवासाच्या गोमेसीत. हात आता थरथरत नव्हता, पण त्या तो पुन्हा पुन्हा पालथा करून बघत होत्या. मी मागच्या दाराआड होतो. त्यांनी नाकिंतूला बोलावलं आणि विचारलं, "काल माझा हात का थरथरला?"

"झटका बसला म्हणून," नाकिंतू म्हणाली.

"झटका चोकचा की जावयाचा?"

नाकिंतूनं विचार केला. "दोघंही होते ना कड्यात. त्यामुळे सांगता येत नाही."

"मग एकाला काढून बघ," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाला रस्त्यावर पाठव. तो नसताना हात थरथरला तर ओबुको नव्हे, चोक. नाहीच थरथरला, तर माझं आयुष्य गेलं."

मी दाराआडच थक्क झालो. इतके शनिवार मी शिकवत होतो, पण एकाला काढून बघावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थक्क होऊन पुरं झालं नाही तोच एडिसा आली आणि म्हणाली, "नाकिंतूचे बाबा, व्हा बाहेर. आणि लांब उभे राहा."

मी कुंपणाबाहेर जाऊन फणसाच्या झाडाखाली उभा राहिलो. आत गल्लीतली पोरं गोळा होत होती. भाड्याच्या मोटरसायकलवरून जाणारा एक बोडावाला थांबला आणि कुठं सोडू म्हणून विचारू लागला. मी म्हणालो, कुठं नाही, माझं घर हेच. तो माझ्याकडे जरा वेळ बघून निघून गेला.

कुंपणाआडून नाकिंतूचा आवाज आला, "वामाला, उचल." पोरं किंचाळली. आणि त्या किंचाळण्यात एक आवाज म्हातारा होता, आणि तो हसत होता.

मी डोळे मिटले. खिशातला हात आपोआप शांत झाला.

मग सासूबाई बोलू लागल्या. बोलत होत्या नाकिंतूशी, पण तोंड कुंपणाकडे असावं आणि आवाज मुद्दाम मोठा, कारण शब्द न शब्द झाडाखाली पोचत होता. "मी तुझ्याएवढी असताना बाईंना विचारलं होतं, विजेच्या आधी गडगडाट का ऐकू येत नाही. बाईंनी मला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं. मग मी विचारायचं सोडलं. तुझ्यासाठी बघितलेल्या शाळेत पोरींचे हात छडीनं थरथरतात. इथं निदान का थरथरले, ते शोधता तरी येतं. एडिसा, ती पेटी उघड. पोर कुठं जात नाही. आणि मीही युनियाकडं राहीन म्हणते, पुढची सुट्टी लागेपर्यंत. शनिवारचं मला सोडवत नाही."

माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला काहीच वाटत नाही. अकरा वर्षांत सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या, आणि जे बोलल्या त्याहून जास्त मला त्यांच्याकडून काही नको होतं. मी नाक पुसलं, सदरा नीट केला, आणि दुसऱ्या प्रयोगाची तयारी मनात करत कुंपणाजवळ गेलो. सर आत गेले की पोरांना काय वाटेल, याचाही जरा विचार केला.

"नाकिंतू," मी हाक मारली, "जाजाला विचार, आता मी आत येऊ का?"

आत कुजबुज झाली. मग नाकिंतूचं डोकं कुंपणावर आलं. आनंदानं तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा, तुम्ही असताना झटका बसला. तुम्ही नसतानाही तेवढाच बसला," ती म्हणाली. "तर जाजा विचारते, मग तुम्ही आत कशाला?"