अण्णांची तपासणी

अण्णांनी एका आठवड्यात दुसऱ्यांदा अत्तर लावलं, तेव्हाच त्यांच्या मुलाच्या मनात पाल चुकचुकली. बसमधले फुकटे प्रवासी पकडणारा तो तपासनीस. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळे. आणि इथे सत्तरी उलटलेले त्याचे विधुर वडील शीळ घालत जिना उतरत होते!

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो बायकोला म्हणाला.

"गुडघे दुखायचे थांबले असतील. तुमचं आपलं काहीतरीच!"

तपासनीस मागोमाग निघाला. अण्णा औषधांच्या दुकानात शिरले, इकडेतिकडे बघत एक पुडकं विकत घेऊन खिशात घातलं आणि समोरच्या दवाखान्यात गेले. 'गुप्तरोग तपासणी व सल्ला' ही पाटी वाचून मुलाला घाम फुटला. राग आलाच, पण म्हाताऱ्याला काही झालं तर नाही ना, ही भीतीही वाटली. तो आत घुसला. अण्णांशेजारी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या.

"अण्णा! या वयात? लोक तोंडात शेण घालतील!"

"हळू बोल, लोक इथेच बसलेत," अण्णा म्हणाले. "आम्ही लग्न करतोय."

"मग हा रोग कुठून आला?"

"आलेला नाही. येऊ नये म्हणूनच आलोय," नर्सबाई म्हणाल्या. "मीच अट घातली. आधी दोघांची तपासणी, आणि रिपोर्ट येईपर्यंत खिशातलं ते निरोधचं पुडकं. रोग काही वय विचारून येत नाही."

"माझ्या वडिलांवर संशय? हे लग्न मी होऊ देणार नाही!"

घरी येऊन त्याने सगळं रामायण तिखटमीठ लावून सांगितलं. बायको भाजी चिरता चिरता थांबली.

"शहाण्या आहेत हो बाई! तुम्ही केली होती का तपासणी, आपल्या लग्नाआधी?"

"मी? मला काय धाड भरलीये?"

"तेव्हा बाहेरगावी मुक्कामाची ड्युटी असायची ना? तुमचा तो मित्र आठवणी काढून अजून हसतो. मी आले की गप्प बसतो."

"अगं, जुन्या गोष्टी त्या..."

तिने सुरी खाली ठेवली. तपासनीस उगाचच खिसे चाचपू लागला.

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत होते. पुढे सून आणि तिच्यामागे मान खाली घातलेला मुलगा आत आला.

"अण्णा," तो पुटपुटला, "लग्नाची तारीख कधीची धरायची?"

अण्णांनी बाकावर सरकून जागा करून दिली.

"बस. तारखेचं सावकाश बघू. आधी तुझा रिपोर्ट येऊ दे."