नारळ व्हाया निफाड

आमच्या सोसायटीत नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, पण समुद्राला भरती कधी येणार हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जिन्याखालच्या फळ्यावर देवरे सर रोज सकाळी खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहितात. आता द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या माणसाचं ओहोटीवाचून काय अडलंय? पण हे सरांना विचारायची सोय नाही. विचारलं, की तुमची सकाळ गेलीच म्हणून समजा.

सर भूगोलाचे. शाळेतून निवृत्त झाले, भूगोलातून नाही. "पाणी हललं, की सगळं हलतं," हे त्यांचं पालुपद. थंडी लांबली, तर पाणी हललं. निफाडला द्राक्षांवर अवकाळी पडला, तर तिकडे समुद्र तापला. कळवणहून त्यांचे चुलतभाऊ येतात ते वैतागून जातात.

"मास्तर, कांद्याचं बोला ना. समुद्राचं काय घिऊन बसले?"

"कांद्याचंच बोलतोय. तुझा पाऊस निघतो कुठून, बांधावरून?"

एकदा त्यांनी माझ्याच चहात चमचा फिरवून किनारा कसा खचतो ते मला दाखवलं. "हे बघा, लाट तिरकी येते. इकडची वाळू उचलते, तिकडे नेऊन टाकते. पावसाळ्यात खाते, हिवाळ्यात थोडी परत करते. मध्ये कुणी भिंत घातली, की पलीकडच्याचं परत येणं बंद!" तोवर चहा गार झाला होता आणि किनारा म्हणून धरलेलं बिस्कीट तळाशी गेलं होतं. दुसरं काही त्यांनी दिलं नाही.

हे वेड कुठून आलं, ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. सरांची पहिली नोकरी कोकणातली, तिथलीच मुलगी त्यांनी केली. त्या सुलभाकाकू. काकूंचं माहेर अगदी समुद्राला लागून, आणि समुद्र दर पावसाळ्यात त्या घराकडे सरकत होता. आधी सुरूची झाडं गेली, मग माड, मग अंगणाचा दगडी गडगा. गुडघे कामातून गेल्यापासून काकूंना घाट उतरून तिकडे जाणं जमत नाही. भाऊ फोनवर काय गेलं ते सांगायचा. काकू ऐकून घ्यायच्या आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसायच्या.

त्यांच्या माहेरची एक रीत होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि म्हणायचं, "बाबा, उंबऱ्याच्या आत येऊ नकोस." पण नाशकात समुद्र कुठून आणायचा? सरांनी तोडगा काढला. दरवर्षी काकूंना रिक्षात बसवून गोदाकाठी न्यायचं आणि नारळ गोदावरीत सोडायचा.

भूगोलाचा मास्तर आणि हे! एकदा मदतीला गेलो होतो, तेव्हा मला राहवलं नाही. "सर, कोकण पश्चिमेला. गोदावरी जाते पूर्वेला. तुमचा नारळ बंगालच्या उपसागरात जाणार."

"जाऊ दे की. पावसाळा सरला, की तिथला प्रवाह दक्षिणेला वळतो. श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने वर येतो. थंडीत पोचेल."

"अहो, निफाडच्या बंधाऱ्यात अडकेल. कुणीतरी चटणी करून मोकळं होईल."

रिक्षातून काकू खळखळून हसल्या. "मीही यांना हेच सांगते. ऐकतात कुठे!"

यंदाच्या पावसाळ्यात ते घर गेलं. भाऊ वेळेवर बाहेर पडला म्हणून बचावला, पण पडवी, माजघर, सगळं समुद्राने नेलं. त्या दिवसापासून फळा कोरा राहिला. मला वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू? येता-जाता नजर तिकडेच जायची. म्हटलं, चला, आता नारळाचंही संपलं.

नारळी पौर्णिमेला सकाळीच दारावर थाप. सर उभे, हातात नारळ. "चला, रिक्षा आलीय. काकूंना जिना उतरवायला हात द्या."

घाटावर पोचल्यावर मी हळूच विचारलं, "सर, आता कशाला? ज्याच्यासाठी करत होतात ते घर तर..."

सरांनी वाकून नारळ पाण्यात सोडला. इतकी वर्षं हसणाऱ्या काकूंनीच मग रिक्षातून विचारलं, "पोचेल ना हो?"

"पोचेल म्हणजे काय? आजवर किनाऱ्याला लागायची पंचाईत होती. आता घरच पाण्यात आहे. थेट पडवीत जाईल बघ."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सर आमच्याकडे पाठ करून नदीकडे बघत राहिले.

नारळ मात्र जरासा पुढे जाऊन पायरीपाशी निर्माल्यात अडकला आणि तिथेच गोल गोल फिरायला लागला. मी चपला काढल्या, पँट दुमडली, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि त्याला चांगला धारेत ढकलला. निफाडचं निफाडला बघू.