प्रमुख पाहुण्यांचा कप

एका जंगलात चहाची टपरी होती. जंगलात टपरी कशी, असं विचारू नका, बाळांनो. चार रिकामटेकडे जमले की तिथे टपरी आपोआप उगवते, अळंबीसारखी.

टपरी होती भागाबाई अस्वलिणीची. तिचा आल्याचा चहा असा, की वाघही रांगेत उभा राहायचा. पण चहा मिळायचा कागदी कपात. प्यायचा, कप चुरगाळायचा आणि न बघता मागे फेकायचा. मागे ओढा होता.

एके दिवशी त्या ओढ्यातला कोंडिबा कासव टपरीवर आला. पाठीवर सात कप चिकटलेले.

"भागाबाई, ओढा तुंबलाय. आठवड्याभरात तुझ्या पातेल्यात पडायला थेंब उरायचा नाही. आणि उरलेल्या पाण्याला आल्याची चव आलीय. माझी पोरं पाणी पितात नि झोपतच नाहीत."

भागाबाई घाबरली. पाणी नाही तर चहा नाही, आणि चहा नाही तर टपरी कसली?

तिनं जंगलातल्या सगळ्यात विद्वान प्राण्याला बोलावलं. ते होतं एक गाढव. हसू नका. चष्मा होता त्याला.

गाढव म्हणालं, "विषय गंभीर आहे. माझं व्याख्यान ठेवा. आणि शाल जरा लांब घ्या, मागची आखूड निघाली."

व्याख्यान झालं. 'कप आणि आपण'. प्रमुख पाहुणे दोन तास बोलले. सगळ्यांनी पुढचा उजवा पाय वर करून शपथ घेतली, "कप फेकणार नाही!" श्रोत्यांना डुलक्या येऊ नयेत म्हणून मध्ये तीनदा चहा फिरला. कागदी कपात.

दुसऱ्या दिवशी ओढ्यात टेकडी उभी होती. टेकडीवर बसून बगळा मासे शोधत होता.

कोंडिबा म्हणाला, "आणखी एक व्याख्यान झालं, की आम्ही गाव सोडतो."

भागाबाईनं मग कुणालाच काही विचारलं नाही. टपरीच्या कुडाला बांबूच्या खुंट्या ठोकल्या. त्यांवर कानवाले कप टांगले.

सकाळी धोंडू माकड आलं. "मावशे, एक फक्कड. कागदातच दे."

"कागदी कप परक्यांना, बाबा. तू घरचा की परका?"

"मी? परका? अगं, तुझ्या छपरावर माझा जन्म झालाय!"

"मग ती खुंटी तुझी. प्यायचा, विसळायचा, टांगायचा."

झालं! जो तो घरचा निघाला. वाघ म्हणाला, "मला मधली खुंटी. राजा आहे मी."

"आधी विसळून दाखव," भागाबाई म्हणाली.

वाघानं विसळला. कानाच्या आतूनसुद्धा.

मग सगळ्यांनी मिळून जुने कप उपसले. ओढा खळाळला. कोंडिबाची पोरं तीन दिवस झोपली.

तरी ओढ्यातून रोज एक कागदी कप वाहत यायचा. एकच. कडेला दातांच्या खुणा. मोठाल्या दातांच्या.

गाढवानं भागाबाईला विचारलं, "माझी खुंटी कुठली?"

"अहो, तुम्ही प्रमुख पाहुणे! पाहुण्याला कुणी कप विसळायला लावतं का?" असं म्हणून तिनं कागदी कप पुढे केला. दोन्ही हातांनी, मानानं.

गाढव आधी फुगलं. मग त्यानं पलीकडे पाहिलं. रांजणापाशी वाघ, माकड, ससे कप विसळत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते. कोंडिबा कुणाची तरी नक्कल करत होता. लांब शालीवाल्या कुणाची तरी. सगळे लोळून हसत होते.

'मीही घरचाच' असं गाढवाच्या अगदी ओठांवर आलं. पण तसं म्हटलं असतं तर विसळावा लागला असता. म्हणून मी म्हणालो, "बरोबर आहे, पाहुण्यांचा मान राखायलाच हवा."

मी नाही, गाढव म्हणालं. काय रे, खिदळताय काय? चष्मा पुसू द्या मला.

तर चहा संपला. कप कुठे टाकायचा ते विचारावं, असं मनात आलं होतं खरं. पण मागे ओढा होताच.

तात्पर्य : ज्याला आपला कप विसळायचा कंटाळा आहे, त्यानं पर्यावरणावर बोलायला शिकावं. शाल मिळते. खुंटी तेवढी मिळत नाही.